टीव्ही युनिटच्या काचेतली खिडकी: रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा दोन ताऱ्यांचा रिव्ह्यू वाचला. टीव्ही युनिटच्या काचेत घरात नसलेली खिडकी दिसते, सोफ्यामागचा कोपरा अंधारा आहे, सीलिंगवर पांढरे ठिपके आहेत आणि बदलाचे जास्तीचे पैसे लावले, असं तुमचं म्हणणं. थ्रीडी व्ह्यू (खोली तयार होण्याआधी कॉम्प्युटरवर बनवलेलं तिचं चित्र) करून घेणारे बरेच जण इथे वाचतात, म्हणून उत्तर इथेच देतो.

खिडकी घरात आहे. डायनिंगच्या भिंतीत, म्हणजे त्या व्ह्यूमध्ये कॅमेऱ्याच्या पाठीमागे. तुमच्या डिझायनरकडून आलेल्या स्केचअप मॉडेलमध्ये, म्हणजे खोलीच्या कॉम्प्युटरवरच्या थ्रीडी आराखड्यात, ती बाजू उभीच केलेली नव्हती. अशा अर्धवट खोलीत चकचकीत काच बसवली की तिच्यासमोर काहीच नसतं. मग ती काळीठिक्कर पडते, नाहीतर तिच्यात बाहेरचं आकाश उतरतं. पहिला टेस्ट व्ह्यू पाहून ‘युनिटला भोक पडल्यासारखं दिसतंय’ असं तुम्हीच कळवलं होतं. म्हणून फ्लोअर प्लॅन मागवून घेतला आणि मागची भिंत, खिडकी, डायनिंग टेबल सगळं मॉडेलमध्ये आणलं. आता काचेत दिसतंय ते प्रत्यक्षातही तिथे दिसणार.

साध्या काचेच्या पृष्ठभागावरून, समोरून पाहिलं तर, जेमतेम ४ टक्के उजेड परत येतो. नजर तिरकी होत गेली की हे प्रमाण झपाट्याने वाढतं, आणि आपला कॅमेरा बराच तिरका आहे. त्यात तुम्ही निवडलेली लॅकर ग्लास (मागून रंग दिलेली काच) कोळशाच्या रंगाची. रात्रीच्या एसटीत खिडकीच्या काचेत आपलाच चेहरा दिसतो ना, तसं मागे काळोख असला की हलकं प्रतिबिंबही ठसठशीत उठतं. ते व्ह्यूमधून पुसून टाकणं आम्हाला अवघड नाही. पण मग तीच काच पसंत करून तुम्ही ऑर्डर द्याल आणि रोज दुपारी टीव्हीशेजारी खिडकी चमकत बसेल. विश्वास बसत नसेल तर साइटवर युनिटच्या जागी एक आरसा धरून कॅमेऱ्याच्या जागेवरून बघा. खिडकी नकोच असेल तर मॅट फिनिशची लॅकर ग्लास घ्या. तोही व्ह्यू पाठवतो, त्याचे पैसे नाहीत.

कोपऱ्याचंही तेच. लाइटिंगच्या ड्रॉइंगमध्ये सोफ्यामागे एकही पॉइंट नाही आणि तिथल्या दोन्ही भिंतींना गडद अक्रोडी लॅमिनेट आहे. पांढरी भिंत आपल्यावर पडलेला बहुतेक उजेड खोलीत परत फेकते, हे लॅमिनेट तो गिळून टाकतं. कॅमेऱ्याला न दिसणारा एक दिवा तिथे लपवला असता तर व्ह्यू झकास दिसला असता, पाच तारेही मिळाले असते कदाचित. आमच्याकडे असे दिवे लावत नाहीत. एक्स्पोजर, म्हणजे अख्ख्या चित्राचा उजळपणा, वाढवून पाहिलं, तर बाल्कनीचा पडदा पांढराफटक होतो. खोलीच एका बाजूने उजळ आणि दुसऱ्या बाजूने काळोखी आहे.

ठिपक्यांबद्दल थोडक्यात: रिव्ह्यूसोबत तुम्ही टाकलेला फोटो टेस्ट व्ह्यूचा आहे, खाली ‘ड्राफ्ट’ लिहिलेलं दिसतंय. बारीक, प्रखर स्पॉटलाइट गुळगुळीत पृष्ठभागावर परावर्तित झाला की कमी सॅम्पलच्या रेंडरमध्ये, म्हणजे उजेडाचा हिशोब घाईत उरकलेल्या कच्च्या चित्रात, असे ठिपके उठतात. फायनल व्ह्यू मेलवर आहे, त्यात ते नाहीत. तो व्हॉट्सॲपवर नको, लॅपटॉपवर बघा, आणि स्क्रीनचा नाइट मोड बंद करून. नाहीतर सीलिंगच्या खाचेतला वॉर्म व्हाइट कोव्ह लाइट आणखी पिवळा दिसेल आणि पुढचा रिव्ह्यू त्यावर यायचा!

पैशांचं म्हणाल तर टाइल आणि सोफ्याच्या कापडाचे बदल कोटेशनप्रमाणे मोफतच झाले. बिल लागलं ते नव्या फॉल्स सीलिंगचं, कारण ते मॉडेल मुळापासून करावं लागलं.

एक मात्र घाईचं आहे. पीओपीवाला सीलिंग बंद करायच्या आत इलेक्ट्रिशियनला सोफ्यामागच्या कोपऱ्यापर्यंत एका स्पॉटची वायर ओढून ठेवायला सांगा. पॉइंट नेमका कुठे घ्यायचा ते ड्रॉइंगवर खूण करून आजच पाठवतो.