‘फूल लावलं की झालं डिझाइन’ या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. त्याच वेळी उत्तर लिहायला बसले होते, पण रागाच्या भरात लिहिलेलं मला नंतर आवडत नाही, म्हणून दोन दिवस थांबले. राग पूर्ण गेलाय असं नाही.

माझ्या क्रोशाच्या शोभेच्या टोपीच्या लेखाखाली ती आली होती. बाकीच्या वाचकांसाठी ती आधी इथे देते (‘खांब’ म्हणजे क्रोशाचा उंच टाका). ‘ताई, टोपी दिसायला बरी आहे. पाचव्या फेरीचा हिशोब चुकलाय. हात घट्ट असणाऱ्यांनी काय करायचं ते कुठेच लिहिलेलं नाही. माझी टोपी दोन वर्षांच्या नातीच्या डोक्यावर चढतच नाही. खांबांमधून वारा जातो, ऊब शून्य. आणि एवढ्या सोप्या कामाचं कौतुक ते काय, चार फेऱ्या विणून वर फूल लावलं की झालं डिझाइन!’

पाचवी फेरी चुकली होती, हे आधीच मान्य करते. ‘तीन टाक्यांत एकेक खांब, चौथ्यात दोन’ असं हवं होतं, तिथे सहाव्या फेरीचं वाक्य दोनदा आलं: ‘चार टाक्यांत एकेक, पाचव्यात दोन’. तसं विणलं तर ४८ टाक्यांचे ६० न होता ५७ होतात, आणि सहाव्या फेरीनंतर ७२ ऐवजी ६८. माझ्या हाताला १० सेंटिमीटरमध्ये १६ खांब बसतात, म्हणजे चार टाक्यांनी टोपीचा घेर अडीच सेंटिमीटर कमी होतो. चूक माझीच आहे, काल दुरुस्त केली. पण ४८ ला पाचाने भाग जात नाही, शेवटी तीन टाके उरतात, तिथे हात थांबायला हवा होता. चूक तुम्हाला दिसली होती, तरी तशीच पुढे विणत गेलात का? हे मी खरंच विचारतेय.

घट्ट हाताचं म्हणाल, तर ४ मिलिमीटरची सुई बाजूला ठेवून ४.५ ची घ्या. त्याहून जास्त त्यात काही नाही. नमुन्याचा चौकोन आधी विणून मोजा असं मी लिहिलं नाही, कारण वरून सुरू होणाऱ्या टोपीत माथ्याचं वर्तुळ हाच नमुना असतो. दोन वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ४८ सेंटिमीटर. टोपी ताणून बसावी म्हणून ३ वजा केले की उरले ४५. त्याला ३.१४ ने भागलं की वर्तुळाचा व्यास १४.३. सहा फेऱ्यांनंतर वर्तुळ सपाट ठेवून पट्टी लावायची. १३ भरलं तर उसवायचं आणि मोठी सुई घ्यायची. ‘वर्तुळ १४ ते साडेचौदा सेंटिमीटर’ हे लेखात लिहिलेलं आहे. ‘कुठेच लिहिलेलं नाही’ असं ठोकून देण्याआधी लेख एकदा पूर्ण वाचायला हवा होता.

आता तुमचं शेवटचं वाक्य. खरं सांगते, बाकीचं सगळं मी दोन ओळींत मिटवलं असतं. हे वाक्य मात्र दोन दिवस डोक्यातून जात नाही.

‘बरी आहे’ म्हणायचं, ‘ताई’ म्हणायचं, आणि जाता जाता समोरच्याच्या कामाची किंमत शून्य करून टाकायची, ही कुठली रीत? चूक दाखवा, दहा दाखवा. माझ्या लेखांखाली लोकांनी चुका दाखवल्यात आणि मी त्यांचे आभारही मानलेत. पण ‘कौतुक ते काय’ हे चूक दाखवणं नाही. आणि फेऱ्या चार नाहीत. माथ्याच्या सहा आणि खाली सरळ आठ, मिळून चौदा. ज्या टोपीवर बोलायचं तिच्या फेऱ्या तरी मोजाव्यात.

‘सोपं काम’ हा शब्द मला नवा नाही. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी २२ टोप्या करून दिल्या होत्या. सशाच्या अकरा, अस्वलाच्या अकरा. दिवसभराची कामं आटपून रात्री विणायची, असे १९ दिवस. कान शिवताना उजव्या हाताचं बोट सुजलं होतं. ठरलेले पैसे मागायला गेले तेव्हा समोरून आलं, ‘अहो, टोप्याच तर आहेत, किती सोप्या असतात!’ ते पैसे आजतागायत मिळालेले नाहीत. तुमच्या वाक्यात मला तोच सूर ऐकू आला. तुम्ही ते लोक नाही, हे मला कळतं. पण सूर तोच आहे.

सोपी वीण म्हणजे काय, हे आज जरा खोलात जाऊन सांगते. सपाट वर्तुळासाठी खांबाच्या प्रत्येक फेरीत १२ टाके वाढवतात, अर्ध्या खांबाच्या फेरीत ८, मुक्या खांबाच्या फेरीत ६ (मुका खांब म्हणजे बुटका टाका, अर्धा खांब त्या दोघांच्या मधला). हे आकडे पाठ असलेले पुष्कळ भेटतात, ते का हे सांगणारे थोडे. माझा एक खांब १.२ सेंटिमीटर उंच होतो. एक फेरी पुरी झाली की वर्तुळाची त्रिज्या तेवढीच वाढते, आणि घेर वाढतो त्याच्या ६.२८ पट, म्हणजे साडेसात सेंटिमीटर. साडेसात सेंटिमीटरमध्ये माझे बरोब्बर १२ खांब बसतात. मुका खांब जेवढा रुंद साधारण तेवढाच उंच, म्हणून त्याचं भागतं सहावर. टाके कमी वाढवले तर वर्तुळाची वाटी होते, जास्त वाढवले तर झालर. हे शिकवायला मी ‘सोपी’ टोपी निवडते, कारण तिच्यात दुसरं काहीच नसतं. शंख, अननसाची वीण, पॉपकॉर्न यांच्या गर्दीत एक टाका इकडे तिकडे झाला तर कुणाला दिसत नाही. साध्या खांबांच्या टोपीत लपायला जागा नाही. फेरीच्या सुरुवातीच्या तीन साखळ्या सैल पडल्या की तिथे फट पडते आणि ती फट प्रत्येक फेरीत वर खाली ओळीने दिसते. जोडाची रेष एका बाजूला सरकत जाते. वाढीचे टाके दर वेळी एकावर एक आले की गोल माथ्याला कोन दिसायला लागतात. मॅजिक रिंगचं, म्हणजे ज्या दोऱ्याच्या फासातून वर्तुळ सुरू होतं त्याचं, टोक एकाच दिशेने ओवलं तर चार धुण्यांत मध्यभाग उघडा पडतो.

मी हे मावशीकडे शिकले, चौदाव्या वर्षी. पहिलं वर्तुळ विणून दाखवलं, तर तिने ते टेबलावर ठेवलं, तळव्याने दाबलं, आणि कडा उचलली गेली तसा एका झटक्यात दोरा ओढला. एका शब्दाने बोलली नाही. तीच लोकर मी सात वेळा उसवली. शेवटी लोकरीला इतका फुगारा आला की टाका दिसेना, सुईचं टोक बोटाने चाचपत विणायला लागायचं. आठव्या वेळी वर्तुळ टेबलाला चिकटून राहिलं. त्यानंतर आजवर मी किती टोप्या केल्या त्याचा हिशोब ठेवलेला नाही, पण वर्तुळ दाबून बघितल्याशिवाय पुढची फेरी घेत नाही. तेव्हा नवशिक्यांना मी काय शिकवते आणि का, याचा विचार मी केलेला आहे. तुमच्या एका उद्गारचिन्हाने तो रद्द होत नाही.

आता फूल. ‘लावलं की झालं’ असं तुम्ही म्हणता, तर ऐका.

माझा मुलगा अडीच वर्षांचा होता तेव्हा डोक्यावर काही टिकू द्यायचा नाही. बाहेर वारा असायचा, मी टोपी घालायची, त्याने ती ओढून भिरकावायची. मऊ लोकर घेतली, घेर सैल केला, हनुवटीखाली बंद लावला. (बंद लगेच काढला. लहान मुलाच्या गळ्याशी दोरी नको, हे मी सगळ्यांनाच सांगते.) कशाचाही उपयोग झाला नाही. मग त्याच टोपीला, त्याच लोकरीचे दोन कान विणले. मॅजिक रिंगमध्ये ६ मुके खांब, मग १२, मग १८, दुमडून अर्धगोल. उलट्या वाटीवर टोपी चढवून तिसऱ्या आणि सहाव्या फेरीच्या मध्ये टाचण्यांनी टाचून पाहिले, जरा पुढे झुकवले आणि शिवले. घातल्यावर त्याने आधी एका हाताने एक कान धरला, मग दुसऱ्या हाताने दुसरा. दोन्ही आहेत याची खात्री झाली आणि हात खाली घेतले. त्या दिवसापासून त्याने टोपी स्वतःहून काढली नाही. झोपल्यावर मी काढून ठेवायची, तर सकाळी उठून आधी दोन्ही हातांनी डोकं चाचपायचा. ती टोपी आजही माझ्याकडे आहे, धरून धरून डावा कान चार वेळा निघाला आणि चार वेळा शिवला.

घेर, लोकर, वीण सगळं तेच होतं. बदलले ते फक्त कान. मुलाच्या डोक्यावर न राहणारी टोपी कितीही उबदार असली तरी तिचा काय उपयोग? म्हणून शोभेला मी वरवरची म्हणत नाही. ज्याला टोपी घालायची त्याला ती हवीशी वाटणं हा तिच्या कामाचा भाग आहे, आणि दोन वर्षांच्या मुलाला ती हवीशी वाटते कानांमुळे, फुलामुळे, गोंड्यामुळे. त्याला तुमची माझी वीण दिसत नाही.

आणि फूल नुसतं ‘लावत’ नाहीत. रिंगमध्ये १० मुके खांब घेऊन पुढच्या फेरीत एका टाक्यात अर्धा खांब, दोन खांब, अर्धा खांब आणि शेजारच्या टाक्यात स्लिप स्टिच (नुसता जोडणारा टाका), असं पाच वेळा केलं की पाच पाकळ्या होतात. शेवटी २५ सेंटिमीटर दोरा ठेवायचा. फूल फक्त मधोमध शिवलं तर पाकळ्या वळतात आणि मुलाचं बोट नेमकं त्याखाली जातं, म्हणून प्रत्येक पाकळीच्या मागे टाका हवा. मधोमध बटण किंवा मणी लावायला मी मुद्दाम सांगितलेलं नाही. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासताना ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात, तिच्यात अख्खा मावेल असा तुकडा चालत नाही. शर्टाचं साधं बटण तिच्यात सहज मावतं. मध्यभागासाठी पिवळ्या लोकरीचेच ६ मुके खांब घेतलेत ते त्यामुळे. हे सगळं मी डिझाइनच समजते.

उबेबद्दल एवढंच की लेखाच्या शीर्षकातच ‘शोभेची’ आहे. थंडीसाठी हवी असेल तर टोपी मुक्या खांबांनी विणा (मग माथ्याच्या फेरीत १२ ऐवजी ६ टाके वाढवा आणि फेऱ्या जास्त घ्या) किंवा आतून मऊ कापडाचं अस्तर लावा. आणि ऊब हीच एक कसोटी धरू नका. अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०२२ च्या सुरक्षित झोपेच्या सूचनांत तान्ह्या बाळाला घरात टोपी घालू नये असंच सांगितलंय. जन्मानंतरचे पहिले काही तास आणि नवजात अतिदक्षता विभाग तेवढा अपवाद. डोकं झाकलं की बाळाचं अंग जास्त तापण्याची भीती असते.

अजून एक मनात येतं. तुम्ही परदेशी व्हिडिओ बघून विणत असाल तर तिथला घोळ इथे आणू नका. अमेरिकन पद्धतीतला ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला खांब, आणि ब्रिटिश पद्धतीतला ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब. नाव एक, उंची निम्मी. माझ्या लेखात मी कायम मुका खांब, अर्धा खांब, खांब असंच लिहिते, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही. तुम्ही चुकून मुक्या खांबांनी विणलं असेल, तर टोपी नातीच्या डोक्यावर न चढण्याचं कारण तेच असेल, कारण तुम्ही म्हणता तेवढी लहान ती अडीच सेंटिमीटरच्या फरकाने होत नाही.

माझं बोलणं कुठे तिखट झालं असेल तर होऊ दे, तुमचंही झालं होतं. नातीसाठी विणायला घेतलंत, हे मात्र मला मनापासून आवडलं.

टोपी पूर्ण उसवू नका. खालच्या आठ फेऱ्या काढून माथ्याचं वर्तुळ सपाट ठेवा आणि मोजा. साडेबारा तेरा भरलं तर आणखी दोन फेऱ्या मागे जा, चौथ्या फेरीचे ४८ टाके मोजून घ्या आणि तिथून ४.५ च्या सुईने पाचवी नव्याने घ्या: तीन टाक्यांत एकेक, चौथ्यात दोन, असं १२ वेळा. वर्तुळ सहा सात सेंटिमीटरच भरलं तर मात्र मुके खांब झालेत, मग पहिल्यापासून खांबांनी विणा. नातीच्या डोक्याचा घेर कपाळावरून आणि कानांच्या जरा वरून टेप फिरवून घ्या. दोन्ही आकडे इथेच लिहा. टोपीचा फोटो टाकणार असाल तर ती ताणून धरू नका, टेबलावर ठेवून काढा.