हिंसक गेममुळे मुले हिंसक होतात, हा दावा तपासताना

‘हिंसक व्हिडिओ गेम खेळणारी मुले पुढे खरोखरच हिंसक होतात आणि हे विज्ञानाने सिद्ध केले आहे’, असे सांगणारा मजकूर गेली कित्येक वर्षे या ना त्या रूपात फिरत आला आहे. त्याच्या जोडीला ठरलेले मुद्दे असतात: शाळांमध्ये गोळीबार करणारे सगळे असेच गेम खेळत होते, सैन्य जवानांना मारायला शिकवण्यासाठी हेच गेम वापरते, रक्तपात पाहून पाहून संवेदना बोथट होतात, गेम आल्यापासून गुन्हे वाढले, आणि म्हणून यांच्यावर बंदीच हवी. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांच्या मनात मुलांविषयीची खरी काळजी असते, याबद्दल मला शंका नाही. परंतु चुकीच्या जागी बोट ठेवणारी काळजी मुलांच्या उपयोगी पडत नाही, त्यामुळे यातला प्रत्येक मुद्दा नीट पाहणे भाग आहे.

सर्वांत आधी ‘विज्ञानाने सिद्ध केले आहे’ या शब्दांकडे वळू. काही प्रयोगांत हिंसक गेमनंतर आक्रमकता वाढलेली दिसली, हे खरे आहे. प्रश्न असा आहे की त्या प्रयोगांत आक्रमकता म्हणून नेमके काय मोजले गेले. या क्षेत्रात वारंवार वापरली गेलेली पद्धत अशी: विद्यार्थ्याला थोडा वेळ गेम खेळायला देतात, मग त्याला सांगतात की दुसऱ्या खोलीत बसलेल्या स्पर्धकाबरोबर तुझी बटण आधी कोण दाबतो याची शर्यत आहे, आणि हरणाऱ्याच्या कानात हेडफोनमधून कर्कश आवाज सोडला जाईल. तो आवाज किती मोठा असावा आणि किती वेळ चालावा, हे विद्यार्थी ठरवतो. दुसऱ्या खोलीत प्रत्यक्षात कोणीही नसते. विद्यार्थ्याने ठरवलेली आवाजाची पातळी आणि लांबी हीच त्याची ‘आक्रमकता’ म्हणून नोंदवली जाते. शर्यतीच्या नियमांनी ज्याची मुभा दिली आहे, ज्याने कोणाला इजा होणार नाही हे खेळणाऱ्यालाही ठाऊक आहे, आणि जे तो कदाचित समोरच्याचे लक्ष विचलित करून जिंकण्यासाठीच करत असेल, त्या कृतीवरून रस्त्यावरच्या मारहाणीविषयी निष्कर्ष काढणे मला पटत नाही.

2000 साली प्रसिद्ध झालेला आणि पुढे असंख्य वेळा उद्धृत झालेला क्रेग अँडरसन व कॅरन डिल यांचा प्रयोग याच पद्धतीचा होता. त्यात एका गटाला ‘वुल्फेनस्टाइन 3डी’ आणि दुसऱ्याला ‘मिस्ट’ खेळायला दिला होता. पहिल्या गेममध्ये बोळाबोळांतून पळत शत्रूंवर गोळ्या झाडायच्या असतात, तर दुसऱ्यात एका निर्मनुष्य बेटावर निवांतपणे कोडी सोडवायची असतात. या दोहोंत हिंसेचा फरक आहेच, शिवाय वेगाचा, चुरशीचा, हरण्याच्या भीतीचा आणि छातीतल्या धडधडीचाही आहे. मग आवाज लांबवण्याचे श्रेय यांपैकी कशाला द्यायचे? पॉल अडाची आणि टीना विलोबी यांनी 2011 मध्ये हा गुंता सोडवण्याचा प्रयत्न केला. चुरस आणि वेग सारखे असलेले एक हिंसक आणि एक अहिंसक गेम त्यांनी समोरासमोर ठेवले, तेव्हा दोन्ही गटांच्या वागण्यात फरक पडला नाही. मात्र चुरस जास्त असलेल्या गेमनंतर, मग त्यात मोटारींची शर्यत का असेना, आक्रमक वर्तन अधिक दिसले. पत्त्यांचा डाव हरल्यावर चिडणारा माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला यात आश्चर्य वाटणार नाही.

मोजमापाची आणखी एक अडचण आहे आणि ती मला अधिक गंभीर वाटते. माल्टे एल्सन या मानसशास्त्रज्ञाने आवाजाच्या या चाचणीवर आधारित शोधनिबंध गोळा केले, तेव्हा एकाच चाचणीतून ‘आक्रमकतेचा आकडा’ काढण्याच्या दीडशेच्या आसपास वेगवेगळ्या रीती आढळल्या. कोणी फक्त पहिला आवाज धरला, कोणी सगळ्यांची सरासरी काढली, कोणी पातळी आणि लांबी यांचा गुणाकार केला. आकडा काढण्याची रीत जर निकाल पाहून निवडता येत असेल, तर हवा तो निकाल मिळण्याची शक्यता फार वाढते. यावरचा उपाय म्हणजे माहिती गोळा करण्यापूर्वीच विश्लेषणाची पद्धत जाहीर करणे. अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि नेट्टा वाइनस्टाइन यांनी 2019 मध्ये नेमके तेच केले. ब्रिटनमधील 14 आणि 15 वर्षांच्या 1,004 मुलामुलींकडून त्यांनी ते काय खेळतात हे विचारून घेतले, त्यांच्या वागण्याविषयी तितक्याच पालकांना विचारले, आणि गेम किती हिंसक आहे हे मुलांच्या मतावर न सोडता अधिकृत मानांकनावरून, म्हणजे कोणता गेम कोणत्या वयासाठी योग्य हे सांगणाऱ्या शिक्क्यावरून, ठरवले. हिंसक गेम आणि आक्रमक वर्तन यांच्यात त्यांना संबंध आढळला नाही.

उलट बाजूचा सर्वांत भक्कम पुरावाही येथे मांडला पाहिजे, कारण तो लपवून केलेला प्रतिवाद प्रामाणिक ठरणार नाही. 2018 मध्ये ॲना प्रेस्कॉट, जेम्स सार्जंट आणि जे हल यांनी 24 दीर्घकालीन अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यांत 17,000 हून अधिक मुले होती. हिंसक गेम खेळणाऱ्या मुलांत पुढे शारीरिक आक्रमकता किंचित वाढलेली त्यांना दिसली. या संबंधाची ताकद 0.11 इतकी निघाली. सोप्या शब्दांत सांगायचे तर, मुलामुलांत आक्रमकतेचा जो फरक दिसतो, त्यातला साधारण 1 टक्का या घटकाशी जोडता येतो. इतका लहान परिणाम खरा असू शकतो, आणि घरातील वातावरण किंवा मित्रमंडळी अशा पुरेशा न मोजलेल्या गोष्टींचा तो अवशेषही असू शकतो. त्यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. पण शाळेत झालेली हाणामारी आणि खून यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. अमेरिकेच्या मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने मार्च 2020 मध्ये आपला जुना ठराव सुधारताना हेच स्पष्ट केले: आरडाओरडा किंवा धक्काबुक्की अशा वर्तनाशी या गेमचा लहानसा संबंध दिसतो, परंतु प्रत्यक्ष हिंसाचार त्यांच्यामुळे घडतो असे म्हणण्यास पुरेसा पुरावा नाही. ‘सिद्ध झाले’ असे सांगणाऱ्यांनी हा ठराव एकदा वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता गोळीबार करणाऱ्यांविषयी. 1999 मध्ये अमेरिकेतील कोलंबाइन शाळेत हत्याकांड घडवणारी दोन मुले ‘डूम’ हा गोळ्या झाडण्याचा गेम खेळत असत, आणि तेव्हापासून हा मुद्दा रूढ झाला. पुढे अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने शिक्षण विभागाच्या साथीने शाळांतील 37 हल्ले आणि 41 हल्लेखोर तपासले व 2002 मध्ये अहवाल दिला. हिंसक गेममध्ये रस असलेले हल्लेखोर त्यांत फक्त 12 टक्के होते. हिंसक पुस्तकांत रस असणारे त्यांच्या दुप्पट निघाले, आणि 37 टक्क्यांनी हिंसा व्यक्त केली होती ती स्वतःच्याच कवितांत, निबंधांत किंवा रोजनिशीत. 2007 मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात 32 जणांचा बळी घेणाऱ्या तरुणाला त्याच्या खोलीतील सोबत्यांनी कधी गेम खेळताना पाहिलेच नव्हते. सँडी हुक शाळेतील 2012 च्या हल्लेखोराकडे हिंसक गेम होते हे खरे. पण तपास अहवालातील नोंदीप्रमाणे तो तासन्‌तास ज्याच्यात बुडून जाई, तो संगीताच्या तालावर पाय टाकण्याचा नाचाचा गेम होता.

शिवाय साधे गणित पाहा. 2008 मधील प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीत अमेरिकेतील 12 ते 17 वयोगटातली 97 टक्के मुले कोणता ना कोणता गेम खेळत असल्याचे दिसले. जी गोष्ट जवळजवळ प्रत्येक मुलगा करतो, ती गुन्हेगार मुलाच्या खोलीतही सापडणारच. अशा खुणेवरून कोणते मूल धोकादायक आहे हे ओळखता येत नाही, आणि एकलकोंडेपणा, उघडपणे दिलेल्या धमक्या, घरात सहज हाती लागणारे शस्त्र या खऱ्या खुणांकडे मात्र दुर्लक्ष होते. या मुद्द्याचा मला सर्वाधिक राग येतो तो याच कारणाने.

सैन्याचा मुद्दा थोडक्यात आटोपता येईल. अमेरिकेच्या मरीन दलाने 1990 च्या दशकात ‘डूम 2’ मध्ये बदल करून तो प्रशिक्षणासाठी वापरला, ही गोष्ट खरी आहे. मात्र त्यातून चार जणांच्या तुकडीने एकमेकांशी बोलत, एकमेकांना आडोसा देत झटपट निर्णय कसे घ्यावेत, याचा सराव करून घेतला जात होता. माउस हलवून बंदुकीचा धक्का खांद्याला कळत नाही, आणि जिवंत माणसावर नेम धरण्याची मनाची तयारीही होत नाही.

संवेदना बोथट होण्याची भीती मला या सगळ्यांत अधिक विचार करण्याजोगी वाटते, कारण ती नैतिक स्वरूपाची आहे. जर्मनीत ग्रेगोर सिजिक यांच्या गटाने 2017 मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन पाहिले. किमान चार वर्षे रोज दोन तास हिंसक गेम खेळलेल्या पुरुषांचा मेंदू दुसऱ्याच्या वेदनेला न खेळणाऱ्यांसारखाच प्रतिसाद देत होता. प्रत्येक गटात 15 जणच होते, त्यामुळे एवढ्यावर फार भार टाकता येणार नाही. सिमोन क्यून यांच्या गटाने मात्र प्रौढांना दोन महिने रोज ‘ग्रँड थेफ्ट ऑटो 5’ हा हिंसक गेम खेळायला लावले आणि आक्रमकता, सहानुभूती, आवेग अशा अनेक बाबी आधी व नंतर मोजल्या. कुटुंब-संसाराचा साधा गेम खेळणाऱ्या किंवा काहीच न खेळणाऱ्या गटांच्या तुलनेत त्यांच्यात उल्लेखनीय बदल झाला नाही.

पण या मुद्द्यातला खरा दोष असा की तो सगळा रक्तपात एकाच तागडीत टाकतो. 2014 मध्ये पोलंडमध्ये तयार झालेला ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा गेम पाहा. त्यात वेढा पडलेल्या शहरात काही सामान्य माणसे एका पडक्या घरात तग धरून राहतात. दिवसा बाहेर पडले तर नेमबाज टिपतात, म्हणून रात्री अन्न आणि औषधे शोधायला जायचे. अशाच एका रात्री खेळणारा एका वृद्ध जोडप्याच्या घरी पोहोचतो. फ्रिजमध्ये अन्न आहे, कपाटात औषध आहे, आणि अडवण्याची ताकद त्या दोघांत नाही. म्हातारा मागे मागे फिरत गयावया करतो. ते सामान घेतले तर आपली माणसे वाचतात. पण परत आल्यावर सामान आणणारा खचून जातो, आणि घरातले इतरही त्या रात्रीविषयी बोलू लागतात. एवढा क्रूर प्रसंग खेळाडूच्या हातून घडवणारा हा गेम पोलंड सरकारने 2020 मध्ये शाळांच्या शिफारस केलेल्या वाचनयादीत समाविष्ट केला. मॅथ्यू ग्रिझार्ड यांच्या 2014 च्या प्रयोगातही गेममध्ये दहशतवाद्याची भूमिका करणाऱ्यांना अपराधी वाटले, आणि त्या भावनेबरोबर दुसऱ्याला इजा करण्याविषयीची त्यांची नैतिक जाणीव अधिक तीव्र झालेली दिसली. हिंसा दाखवणे आणि हिंसेचे कौतुक करणे हा फरक आपण नाटक-कादंबरीच्या बाबतीत सहज करतो. गेमच्या बाबतीतही तो करायला हवा.

गेम आल्यापासून गुन्हे वाढले, हे तर सरळसरळ चूक आहे. ‘डूम’ 1993 च्या डिसेंबरात आला. त्या वर्षी अमेरिकेत दर लाख लोकसंख्येमागे 9.5 खून झाले होते, आणि 2014 पर्यंत हा दर साडेचारच्या आसपास उतरला. गेममुळे तो उतरला असे मी म्हणत नाही, त्यामागे अनेक कारणे आहेत. परंतु आरोपपत्रातला आकडाच उलटा असेल, तर तो आरोप टिकत नाही.

उरला बंदीचा प्रश्न. 1954 मध्ये मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी कॉमिक्समुळे मुले बिघडतात असे ठामपणे मांडले, अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावणी झाली, आणि प्रकाशकांनी स्वतःवर कडक आचारसंहिता लादून घेतली. कॅरल टिली यांनी त्यांची मूळ कागदपत्रे तपासून 2012 मध्ये दाखवून दिले की वर्थम यांनी मुलांच्या मुलाखतींतला तपशील आपल्या सोयीने बदलला होता. गेमवरील निर्बंधाचा कॅलिफोर्नियाचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये 7 विरुद्ध 2 मतांनी रद्द केला, तेव्हा सादर झालेला पुरावा कार्यकारणभाव दाखवत नाही, असे निकालपत्रात नोंदवले गेले.

बंदीला माझा विरोध असला तरी वयानुसार मानांकनाला नाही. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ या मारामारीच्या गेमवरून 1993 मध्ये झालेल्या सिनेट सुनावणीनंतर, 1994 मध्ये अमेरिकेत मानांकन मंडळ सुरू झाले, युरोपात तशी व्यवस्था 2003 मध्ये आली. सात-आठ वर्षांच्या मुलाला प्रौढांचा गेम देऊ नये, कारण तो घाबरेल, त्याची झोप उडेल आणि जे दिसते त्याचा अर्थ लावण्याची समज त्याला अजून आलेली नाही. तो पुढे खुनी होईल, हे मात्र त्याचे कारण नव्हे.

या मानांकनाच्या चौकटीतच पुढे एक नवी ओळ आली. पैसे मोजून बंद पेटी विकत घ्यायची आणि आत काय निघेल ते नशिबावर सोडायचे, अशी ‘लूट बॉक्स’ नावाची सोय अनेक गेममध्ये असते, आणि तीही बहुधा लहान मुलांच्या, रक्ताचा थेंब नसलेल्या गेममध्येसुद्धा. डेव्हिड झेंडल आणि पॉल केर्न्स यांना 2018 मध्ये या पेट्यांवरील खर्च आणि जुगाराची समस्या यांच्यात स्पष्ट संबंध आढळला. त्याच वर्षी बेल्जियमच्या जुगार आयोगाने अशा काही पेट्यांना जुगार ठरवले. 2020 पासून अमेरिकेचे मानांकन मंडळ अशा गेमच्या वेष्टणावर ‘गेममध्ये खरेदी, नशिबावर मिळणाऱ्या वस्तूंसह’ अशी सूचना छापायला लावते. फिरत असलेल्या मजकुरात बंदुका, रक्त आणि मुडदे यांची लांबलचक यादी आहे. या ओळीविषयी त्यात एक अक्षरही नाही.