गराडू, परात आणि एक औंस : एका बडोदेकरांना उत्तर

अहो बडोदेकर,

नाव न घालता 'एक बडोदेकर' एवढीच सही केलीत, तेव्हा मीही तेच म्हणतो. १८४९ सालच्या कॅलिफोर्नियात बायकोपोरांपासून लांब, नदीच्या रेतीतून सोनं धुऊन काढणाऱ्या, काठावर खचून बसलेल्या माणसावरचा माझा लेख तुम्हाला 'रडका' वाटला. वाटू दे. पण "सराफ्यात गराडू चघळत अमेरिकेवर लिहायला काय जातं?" हे कशासाठी? गराडू, म्हणजे आमच्याकडचा तळलेला कंद, थंडीत मिळतात. तुमची प्रतिक्रिया ऐन जूनमधली. इंदूरला टोमणा मारायचाच तर हंगाम तरी बघून मारावा. सराफा म्हणजे रात्रीची खाऊगल्ली एवढंच तुम्हाला ठाऊक दिसतं. दिवसा तिथे सोनं विकतात. आमच्या तीन पिढ्या तिथे काटा धरून बसल्या, एवढं सांगून तो विषय सोडतो.

तुम्ही दाखवलेली चूक आधी कबूल करतो. लेखात मी औंस २८.३५ ग्रॅमचा धरला. तो किराण्याचा औंस. सोन्याचा ट्रॉय औंस ३१.१ ग्रॅमचा. सराफाच्या घरात ही चूक व्हायला नको होती. आभार.

आता तुमचं ते वाक्य : "नदीकाठी बसून परात हलवायची, यात कष्ट कसले? मनापासून केलं असतं तर रडगाणं लिहायची वेळ आली नसती."

परात पंधरा-अठरा इंची, लोखंडी पत्र्याची. नवी परात आधी विस्तवावर धरून तिचा तेलकटपणा जाळावा लागतो. तो राहिला तर पिठासारखं बारीक सोनं भिजतच नाही, पाण्यावर तरंगत काठावरून निघून जातं. त्याच परातीत डुकराचं खारं मांस तळून खाणारे पुष्कळ होते; पुन्हा नीट जाळल्याशिवाय ती धुवायला घेतली की सकाळची पहिली खेप पाण्यात. मग रेती भरायची, बुडवून चिकणमातीची ढेकळं बोटांनी कुस्करायची (ढेकूळ आख्खं राहिलं तर त्याच्या पोटातलं सोनंही त्याच्यासोबत वाहून जातं), गोटे धुऊन फेकायचे. परात पाण्याखाली धरून आडवे हिसके द्यायचे म्हणजे जड ते तळाला बसतं. पुढची कड जराशी कलती करून वरचा थर सोडायचा. पुन्हा हिसके. शेवटी मूठभर काळी वाळू उरते. साधी वाळू पाण्याच्या अडीचपटीहून थोडी जड, काळी पाचपट, सोनं एकोणीसपट. म्हणून काळी वाळू शेवटपर्यंत सोन्याला चिकटून राहते, आणि शेवटच्या दोन मिनिटांत घाई केली की दोन्ही जातात. ती वाळवायची, फुंकर मारून किंवा चुंबकानं उडवायची. आपले झारेकरी, इकडे ज्यांना न्यारिये म्हणतात, सराफ्यातला केर धुतात त्याची रीत यापेक्षा फार निराळी नाही. त्यांच्यापैकी कुणाला जाऊन विचारा, 'कष्ट कसले' म्हणून.

दिवसभरात पन्नास पराती म्हणजे चांगलं काम. एका परातीत दहा किलो धरले तर अर्धा टन रेती. पाणी वितळलेल्या बर्फाचं, गुडघ्यापर्यंत, डोक्यावर ऊन. १८५० च्या सुमाराची सरासरी कमाई दिवसाला दहा डॉलरच्या आसपास धरतात. टांकसाळीत औंसाला २०.६७ डॉलर मिळत, पण सोनं धुणाऱ्यांच्या छावणीतला दुकानदार नदीचं कच्चं सोनं सोळानंच घेई. म्हणजे दहा डॉलरला १९.४ ग्रॅम, पावणेदोन तोळ्यांच्या आत, अर्धा टन रेतीतून. तुमच्या दुरुस्तीनं त्या गरिबाला रोज पावणेदोन ग्रॅम सोनं जास्त शोधावं लागतं, हे तुमच्या लक्षात आलं का?

आणि 'मनापासून' म्हणजे जोरात, असा तुमचा समज दिसतो. परातीपेक्षा जास्त माल धुवायला लाकडी 'पाळणा' असे. वर भोकांच्या पत्र्याची चाळणी, खाली तिरकं ताणलेलं कापड, तळाला आडव्या पट्ट्या. एक जण खणतो, एक वाहतो, एक हलवतो आणि पाणी ओततो. पाणी कमी पडलं की पट्ट्यांमागे चिखल घट्ट बसतो आणि सोनं त्यावरून घसरतं. जास्त झालं की बारीक सोनं सरळ नदीत. मध्येच थांबलात तरी वाळू बसून दगडासारखी होते. इथे जोराचा उपयोग नाही, सारखेपणाचा आहे, तोही दहा तास. बारीक सोनं धरायला पट्ट्यांमागे पारा ओतत, मग त्याचा गोळा कातड्यातून पिळून उरलेला पारा विस्तवावर उडवत. उघड्यावर केलं तर ती वाफ कुणाच्या छातीत जात असेल?

"दहा डॉलर म्हणजे तेव्हा चैन" असंही तुम्ही म्हणता. अमेरिकेच्या पूर्वेकडे मजूर दिवसाला एक डॉलर मिळवी, तेव्हा गणित ऐकायला गोड आहे. पण छावणीत चिमूटभर सोनं म्हणजे एक डॉलर, आणि चिमूट घ्यायची दुकानदारानं, आपल्या जाड अंगठ्यानं. घरचं पत्र सॅन फ्रान्सिस्कोच्या टपालात पडून राही. ते छावणीत आणून देणारे खासगी निरोपे १८४९ मध्ये एका पत्राला औंसभर सोनं घेत. त्या वर्षीची सरासरी कमाई दिवसाला सोळा डॉलर, म्हणजे नेमका एक औंस. बायकोची चार ओळींची खुशाली हातात पडायला एक दिवसाची धुलाई. हे लिहिलं तर ते रडगाणं? बरं, रडगाणं.

उरलेले मुद्दे थोडक्यात. तिथल्या मूळ रहिवाशांचं आणि चिनी धुणाऱ्यांचं काय झालं, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. माणूस परत का गेला नाही, तर परतीच्या भाड्याला पैसे नव्हते म्हणून. आणि "मागे शेत आणि पोरं एकटीनं सांभाळणाऱ्या बायकोवर लेखात एक ओळ नाही" हे खरं आहे, पण लेख तिच्यावर नव्हताच. शीर्षक वाचलं असतं तर हे विचारावं लागलं नसतं.

औंसाचा आकडा काल रात्रीच बदलला आहे, तुमचा उल्लेख करून. सहीत नाव असतं तर नावानिशी केला असता.