दोष खोक्याचा नाही, निपाणीकर

निपाणीकर, तुमची प्रतिक्रिया बरीच कडक आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: विमानातनं सायकल नेण्यावरचा माझा लेख वाचून तुम्ही सायकल गत्त्याच्या खोक्यात घातली आणि दिल्लीला उघडून बघता तर मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) आत वळून आऱ्यांना लागलेला. म्हणून 'गत्त्याचं खोकं म्हणजे भंगार, पैसे असतील त्यांनी कडक केस घ्यावी.' शिवाय टायरमधली हवा काढायची की नाही, हे मी गुळमुळीत लिहिलं. आणि शेवटी, सायकल भाड्याने मिळत असताना हा उपद्व्याप करायचाच कशाला?

पहिल्या मुद्द्यात निम्मी चूक माझी. 'डिरेलर सांभाळा' एवढंच लिहून मी पुढे गेलो. सांभाळायचं म्हणजे काय, ते सांगायला हवं होतं. 5 मिलिमीटरच्या एलन कीने डिरेलर हँगरवरून, म्हणजे तो फ्रेमला ज्या छोट्या पट्टीवर बसतो तिच्यावरून, पूर्ण सोडवायचा. चेन आणि केबल तशीच राहू दे. मग तो जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत बांधायचा. काम पाच मिनिटांचं. तो जागेवर राहिला की सायकलीच्या उजव्या अंगाला सगळ्यात पुढे आलेला भाग तोच. खोकं त्या बाजूवर आडवं टाकलं की सगळा भार त्याच्यावर येतो. 'ही बाजू वर' असं चारी अंगांनी लिहा, खोकं आडवं पडायचं ते पडतंच. हँगर मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा करतात, फ्रेमऐवजी तो वाकावा म्हणून. म्हणजे तुमच्या हँगरने आपलं काम चोख केलं.

पण खोकं भंगार, हे मला पटत नाही. नवी सायकल कारखान्यातून आपल्या गल्लीतल्या दुकानापर्यंत कशातनं येते? याच खोक्यातनं, ट्रकमध्ये थरावर थर रचून. ती धड पोचते, कारण आत प्रत्येक वस्तू बांधलेली असते आणि पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या दोन टोकांमध्ये प्लास्टिकची आडकाठी बसवलेली असते. दुकानदार खोकं आनंदाने देतो, ती आडकाठी मात्र केव्हाच कचऱ्यात गेलेली असते. चाक काढलेला चिमटा बाजूने दाबला गेला की संपलंच. माझ्याकडे आडकाठी नव्हती तेव्हा बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका टर्नरकडून नायलॉनच्या रॉडचा 100 मिलिमीटरचा तुकडा कापून घेतला. साध्या क्विक रिलीज (छोट्या लिव्हरने सुटणाऱ्या) चाकाला तेच माप लागतं. थ्रू ॲक्सल, म्हणजे चिमट्यातून आरपार जाणारा जाड आस असेल तर आधी मोजा. "सायकल विमानातनं नेतात होय?" असं विचारून त्याने पैसेही घेतले नाहीत. डिस्क ब्रेकवाल्यांनी पॅडच्या फटीतही गत्त्याची घडी सारावी. चाक नसताना चुकून लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येतात आणि मग परमुलखात डोक्याला ताप.

कडक केस चांगलीच असते, नाही कोण म्हणतो? पण ती रिकामीच दहा-अकरा किलोची. त्यात अकरा किलोची सायकल घाला आणि देशांतर्गत तिकिटावर बहुतेक वेळा मिळणारे 15 किलो आठवा. शिवाय मनालीहून पुढे सायकलीवर निघायचं तर ती केस ठेवायची कुणाकडे? खोकं तिथेच टाकून निघता येतं.

हवेचं सरळ गणित सांगतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे 14.7 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). प्रवासी विमानात आतला दाब फार तर 8000 फुटांवर असतो तितका खाली येतो, म्हणजे जवळपास 11. सामानाच्या कप्प्यातही साधारण तसंच. आपलं सांबरा, म्हणजे बेळगावचा विमानतळ, मुळातच साडेसातशे मीटरवर, तिथला दाब साडेतेराच्या आसपास. म्हणजे इथून उडताना तुमच्या टायरवर जादा ताण येणार अडीच-तीन पीएसआयचा. तेवढ्याने धड टायर फुटत नाही. तरी काउंटरवर हवा काढायला सांगतातच, त्यांच्याशी वाद घालू नका. वीस-पंचवीस पीएसआय ठेवा, बोटाने दाबलं की टायर मऊ लागतो. सगळी हवा काढली तर रिमला उशी राहत नाही.

पेडलबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं हे विसरून लोक पाना मोडतात. पाना वर उभा धरून मागच्या चाकाकडे ढकलायचा, दोन्ही पेडलं सुटतात. एलन की वगैरे हत्यारं खोक्यातच घाला, हातातल्या बॅगेत नेलीत तर सुरक्षा तपासणीत जातात.

भाड्याच्या सायकलीचं म्हणाल, तर एक दिवस फिरायचं असेल तर खुशाल घ्या. आठ दिवस घाट चढायचा असेल तर मला माझीच सीट लागते. ही हौस आहे, कबूल.

मूळ लेखात डिरेलर आणि आडकाठीचा मजकूर आज घातलाय. तुमचा वाकलेला हँगर ठोकून सरळ करायच्या भानगडीत पडू नका, मऊ धातू आहे, परत वाकवताना तुटतो. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो, तेव्हा सायकलीचं मॉडेल आणि हँगरचा दोन्ही बाजूंनी फोटो पाठवा. हुडकून सांगतो. आणि मागवताना दोन मागवा.