पंधरा तारखेचे पैसे

अमेरिकेतल्या टॅक्स क्रेडिटबद्दल लिहायचं म्हणजे अर्धे वाचक इथेच पुढे सरकणार. सरका. उरलेल्यांसाठी: वजावटीत फक्त उत्पन्न कमी धरतात, क्रेडिट थेट करातून वजा होतं. आणि ते रिफंडेबल असेल तर कर शून्यावर आला तरी उरलेली रक्कम हातात पडते. गरीब घराला खरा उपयोग त्या उरलेल्या रकमेचाच.

कष्टकऱ्यांसाठीचं अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट १९७५ पासून आहे. तीन मुलांच्या कुटुंबाला २०२४ सालासाठी जास्तीत जास्त ७,८३० डॉलर. रक्कम मोठी, पण येते वर्षातून एकदाच, तीही कायद्यानुसार फेब्रुवारीच्या मध्याआधी नाहीच. तोवर भाडं थकलेलं, कार्डावर व्याज चढलेलं. आलेला पैसा मागची भोकं बुजवण्यात जातो. (एकरकमी पैसा आवडणारेही आहेत. महिन्याला आला तर उरत नाही म्हणतात, आणि तेही खोटं नाही.)

म्हणूनच २०२१ चे ते सहा महिने मला महत्त्वाचे वाटतात. मुलांमागे मिळणारं बालक क्रेडिट तेव्हा दरमहा हातात पडत होतं: जुलै ते डिसेंबर, महिन्याच्या मध्याला, सहा वर्षांखालच्या मुलामागे ३०० डॉलर आणि त्याहून मोठ्या मुलामागे २५०. आईबापांची कमाई शून्य असली तरी. मुलांच्या घरांत पोटभर जेवण न मिळण्याचं प्रमाण पहिल्या हप्त्यानंतर लगेच उतरलं. सेन्सस ब्युरोच्या (जनगणना खात्याच्या) पूरक मोजमापानुसार, ज्यात सरकारी मदतही धरतात, बालदारिद्र्य त्या वर्षी ५.२ टक्क्यांवर आलं. त्यात कोविडच्या इतर मदतीचाही हात होता, मान्य. पण संसदेने या हप्त्यांची मुदत वाढवली नाही आणि २०२२ मध्ये आकडा १२.४ झाला. दुपटीहून जास्त, एका वर्षात!

'फुकट पैसे दिले की लोक कामं सोडतात' ही ओरड तेव्हाही होतीच. त्या सहा महिन्यांत तसं काही ठळकपणे दिसलं नाही.

आता नियम पुन्हा जुन्या वळणावर. बालक क्रेडिट २०२५ मध्ये २,२०० डॉलर झालं खरं. पण कर लागत नसेल तर पहिल्या २,५०० डॉलरच्या पुढच्या कमाईवर डॉलरमागे पंधरा सेंट, एवढंच हाती येतं. म्हणजे वर्षाला दहा हजार कमावणाऱ्या एकट्या आईला एका मुलामागे १,१२५. आणि तीन लाख कमावणाऱ्या जोडप्याला? पूर्ण २,२००.