कोल्टच्या नावावर खपवलेल्या थापा

‘सोळा वर्षांच्या सॅम्युअल कोल्टला कलकत्त्याच्या जहाजावर सुकाणूचं चाक बघून रिव्हॉल्व्हर सुचलं. त्यानं कारखाना काढला, रातोरात कोट्यधीश झाला, ‘पीसमेकर’ रिव्हॉल्व्हर बनवून अमेरिकेचा रानटी पश्चिम जिंकून दिला. कंपनी आजही घराण्याकडेच आहे!’ प्रेरणादायी म्हणून हा मजकूर जोरात फिरतोय.

जहाज खरं. १८३० मध्ये सॅम ‘कॉर्वो’वरून बॉस्टनहून कलकत्त्याला निघाला आणि प्रवासात त्यानं लाकडी नमुना कोरला. चाकाची गोष्ट मात्र त्याच्याच तोंडची, आणि स्वतःचा गाजावाजा करण्यात हा माणूस भलताच पटाईत होता. गोळ्या भरायच्या फिरत्या नळकांड्याची कल्पना तर जुनीच. एलिशा कॉलियरनं १८१८ मध्येच इंग्लंडात तशा चकमकीच्या बंदुकीचं पेटंट घेतलं होतं. १८५१ मध्ये लंडनच्या अभियंत्यांपुढे खुद्द कोल्टनंच अशी जुनी हत्यारं मांडली, त्यात हिंदुस्थानातली तोड्याची बंदूकही होती! बंदुकीचा घोडा मागे खेचताच नळकांडं आपोआप फिरून जागच्या जागी पक्कं बसावं, ही करामत त्याची. १८३६ च्या अमेरिकी पेटंटाचा जीव तिच्यातच होता.

‘रातोरात’ हा शब्द तर हसण्यासारखा आहे. न्यू जर्सीतल्या पॅटरसनचा त्याचा पहिला कारखाना १८४२ मध्ये बुडाला. मग गडी पाण्याखालच्या सुरुंगांच्या आणि तारयंत्राच्या तारांच्या मागे लागला. त्याला वाचवलं ते अमेरिका-मेक्सिको युद्धानं. टेक्सास रेंजर्स या घोडेस्वार दलातून आलेल्या कॅप्टन सॅम्युअल वॉकरच्या खटपटीनं १८४७ च्या जानेवारीत सरकारनं १,००० रिव्हॉल्व्हरं मागवली. ऑर्डर हातात, पण कारखाना कुठाय? ती हत्यारं एली व्हिटनी ज्युनियरच्या कारखान्यात घडली. एकेक नग दोन किलोचा, म्हणून कमरेऐवजी खोगिराला अडकवायचा. त्यानंतर कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डला स्वतःचा कारखाना उभा राहिला. तिथली यंत्रं बसवणारा डोकेबाज कारागीर एलिशा रूट. शिवाय पेटंटाची मुदत १८५७ पर्यंत वाढवून घेतलेली, मधे कुणी आलाच तर कोर्टात खेचायचं. सरकारी ऑर्डर, दुसऱ्याचा कारखाना, रूटचं डोकं आणि वकील, एवढ्या कुबड्या धरून हा ‘एकटा’ चालत होता.

आणि पीसमेकर? कोल्ट वारला १० जानेवारी १८६२ ला, पीसमेकर आलं १८७३ मध्ये. विल्यम मेसन वगैरे कंपनीच्या लोकांनी ते घडवलं. ते धातूच्या काडतुसांवर चालायचं, आणि त्यासाठी लागणारं आरपार भोकांचं नळकांडं करण्याचा हक्क रॉलिन व्हाइट या संशोधकाच्या पेटंटामुळे स्मिथ अँड वेसन या दुसऱ्या बंदूक कंपनीकडे होता; त्या पेटंटाची मुदत १८६९ मध्ये संपली. पेटंटाच्या जोरावर इतरांना अडवणारी कंपनी स्वतः पेटंटात अडकून बसली होती.

घराण्याचं म्हणाल, तर कंपनी सांभाळली ती विधवा एलिझाबेथनं. १८६४ मध्ये कारखाना जळाला, तिनं तो पुन्हा बांधला. या बाईचा मजकुरात पत्ताच नाही. १९०१ मध्ये तिनं कंपनी विकली. २०१५ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि २०२१ पासून मालक चेक प्रजासत्ताकातला उद्योगसमूह आहे.