पंधरा प्रश्न, एकशेचाळीस कोटी माणसं आणि एक आई

सर, नमस्कार. नव्याने वाचणाऱ्यांसाठी आधी तुमचं म्हणणं सांगतो. चीनमधल्या प्रौढांना कॉस्मेटिक सर्जरीबद्दल काय वाटतं हे कसं मोजतात, यावर मी लिहिलं. त्यावर तुम्ही विचारलंत की अमेरिकेत बनवलेल्या पंधरा वाक्यांनी एकशेचाळीस कोटींचं मन मोजणार कसं? आणि मोजायचं तरी काय, गोऱ्यांसारखे डोळे हवेत एवढंच ना?

दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण तो मला मुळीच पटला नाही. तुमचा रोख दुहेरी पापणीच्या, म्हणजे वरच्या पापणीवर घडी पाडणाऱ्या शस्त्रक्रियेवर आहे. पापणीवरची ती घडी कित्येक चिनी माणसांना जन्मतःच असते. मुलीला हवी असते ती वर्गात शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीसारखी. जपानमध्ये या शस्त्रक्रियेची नोंद 1896 सालची आहे. पाश्चात्त्य प्रभाव अजिबात नाही असं मी म्हणत नाही, पण 'नक्कल' म्हणून मोकळं झालं की विचारायला काही उरतच नाही.

आता पंधरा वाक्यं. डोना आणि इअरन हेंडरसन-किंग या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी ही पट्टी, म्हणजे कल मोजणारी प्रश्नावली, 2005 मध्ये मांडली. प्रत्येक वाक्याला 1 ते 7 गुण. काही वाक्यं स्वतःला बरं वाटण्याबद्दल, काही जोडीदार-नोकरी अशा बाहेरच्या कारणांबद्दल, उरलेली 'मी स्वतः करून घेईन का' याबद्दल. समजा एखादीने पहिल्या गटात सहा-सहा गुण दिले आणि शेवटच्यात दोन-दोन. म्हणजे 'दुसरीने केली तर छानच, मी नाही गं बाई.' तुम्ही सरळ 'सर्जरी योग्य की अयोग्य?' विचारलं असतंत तर ही बाई हातून निसटली असती. पट्टी माणसामाणसातला असा फरक दाखवते. देशाचं मन मोजायचा दावा तिचा नाही, माझाही नव्हता.

खरी गोची भाषांतरात आहे. चिनीत 'जंगरोंग' म्हटलं की चेहऱ्यावर सुरी फिरवणं डोळ्यापुढे येतं. 'यीमेई' म्हणजे वैद्यकीय सौंदर्योपचार. त्यात लेझर आणि इंजेक्शनंही आली. प्रश्नात पहिला शब्द घातलात, तर नियमित बोटॉक्स घेणारी बाई 'कधीच करणार नाही' असं अगदी प्रामाणिकपणे लिहून जाईल. (आपल्याकडेही 'प्लॅस्टिक सर्जरी' म्हटलं की माझ्या आईला अजून स्टोव्हचा भडका आठवतो.)

एका बाबतीत मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत, कदाचित नकळत. अमेरिकेतल्या प्रश्नांत जोडीदार आहे, आई-वडील नाहीत. चीनमध्ये 'श्याओचिंग' हा जुना ग्रंथ सांगतो की देह, केस, त्वचा आई-वडिलांकडून मिळालेली, तिला इजा न करणं ही मातृपितृभक्तीची सुरुवात. आणि त्याच चीनमध्ये जूनमधली गाओखाओ, म्हणजे विद्यापीठ प्रवेशपरीक्षा, आटोपली की सुट्टीत पापण्या करून घ्यायला मुली येतात, तेव्हा बरोबर बऱ्याचदा आईच असते. पैसेही तीच भरते. 'आईला पटलं तर मी विचार करीन' असं वाक्यच त्या पंधरात नाही, त्यामुळे हा ताण गुणांत उतरणार कुठून?

हे मूळ लेखात यायला हवं होतं. आज रात्री तेवढा परिच्छेद वाढवतो, तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून. सोळावं वाक्य कसं लिहाल ते मात्र तुम्हीच कळवा.